बंद टाकीतलं खमीर

पिठावरचं फडकं उचलून आमची आई नुसता वास घ्यायची आणि म्हणायची, ‘खमीर आलंय.’ कारखान्यातल्या पोलादी टाकीचं झाकण असं उचलता येत नाही. बाहेरचे जंतू आत शिरले, की सगळा घाणा वाया! मग आत काय चाललंय, ते कळायचं कसं?

आंबटपणा आकड्यात सांगणारी ‘पीएच’ मोजपट्टी १९०९ साली सोरेन्सन यांनी दिली, तीही कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेतून. १९४४ साली अमेरिकेत ब्रुकलिनला फायझरच्या खोल टाक्यांत पेनिसिलिन बनू लागलं. १९५५ साली आपल्या पिंपरीत. पेनिसिलिनच्या बुरशीला सतत हवा लागते. हवा कमी पडली, की औषध घटतं. लेलंड क्लार्क यांनी १९५६ साली द्रवातला प्राणवायू मोजणारा इलेक्ट्रोड मांडला. मूळ हेतू रक्ताचा; टाकीलाही तो उपयोगी पडला. १९६२ साली त्यांनी त्यावर एन्झाइम बसवून साखर मोजायची युक्ती सुचवली. पण टाकी १२१ अंशांच्या वाफेनं निर्जंतुक करतात. त्यात बिचारं एन्झाइम शिजूनच जातं!

१९९१ साली जपानच्या सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचं वर्णन केलं. केसाहून हजारो पटींनी बारीक. या नॅनो नळ्या, धातूंचे नॅनो कण इलेक्ट्रोडवर बसवले, तर एन्झाइमविनाही साखर ओळखता येते. प्रयोगशाळेत हे झकास जमतं. खऱ्या टाकीतला रस्सा मात्र दाट आणि चिकट. प्रथिनांचा, पेशींचा थर संवेदकावर बसतो, आकडा हळूहळू सरकतो. मग कामगार तोटी उघडून नमुना काढतो आणि तो आकडा पडताळून पाहतो.