डीएनएच्या गुंडाळीचा शोध

माणसाच्या एका पेशीतला सगळा डीएनए सरळ करून जोडला, तर त्याची लांबी सुमारे २ मीटर भरते. तो ज्या केंद्रकात मावतो त्याचा व्यास मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी असतो. हा धागा तिथे कसा गुंडाळलेला असतो हे समजायला शंभराहून अधिक वर्षे लागली. उशीर बुद्धीचा नव्हता. पेशीतून द्रव्य काढण्याच्या रीतीच अशा होत्या, की जे पाहायचे तेच हाताळताना मोडत होते.

या इतिहासाची सुरुवात जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या किल्ल्यात झाली. तिथल्या जुन्या मुदपाकखान्यात विद्यापीठाची प्रयोगशाळा होती. १८६९ साली फ्रिड्रिश मीशर या तरुण स्विस डॉक्टरने रुग्णालयातून आणलेल्या पट्ट्यांवरच्या पुवातून पांढऱ्या पेशी धुऊन काढल्या आणि त्यांच्या केंद्रकातून फॉस्फरसयुक्त असे एक नवे द्रव्य वेगळे केले. त्याला त्याने न्यूक्लिन म्हटले; तेच आजचे डीएनए. पुढे बाझेलला ऱ्हाईन नदीतल्या सामन माशांच्या शुक्रपेशींवर काम करताना त्याला या न्यूक्लिनला बिलगून असलेला एक अल्कधर्मी पदार्थ सापडला, प्रोटामिन. डीएनए एकटा नसतो, याची ती पहिली खूण होती.

१८८४ साली आल्ब्रेख्त कोसेलने हंसाच्या रक्तपेशी घेतल्या. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींना केंद्रक असते, म्हणून त्या सोयीच्या. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात केंद्रके भिजवली की एक प्रथिन सुटून येई. त्याचे नाव त्याने हिस्टोन ठेवले. ही कृती इतकी सोपी आणि भरवशाची निघाली की पुढची नव्वद वर्षे प्रयोगशाळांतून तीच चालली. पण आम्लाने हिस्टोन डीएनएपासून तुटत, शिवाय त्यांची आपसांतली जुळणीही विस्कटे. हाती यायचा तो सुट्या प्रथिनांचा ढीग. त्यामुळे डीएनएवर या प्रथिनांचा नुसता लेप असावा, असे चित्र रूढ झाले. १९६० च्या दशकात मॉरिस विल्किन्स आणि सहकाऱ्यांना क्ष-किरण चित्रांत ठरावीक अंतराने येणारी पुनरावृत्ती दिसली. तिचा अर्थही त्यांनी असाच लावला: हिस्टोनांनी मढवलेल्या डीएनएची एकसारखी वेटोळी.

१९७३ मध्ये हे चित्र बदलले, आणि तेही आम्ल बाजूला ठेवल्यामुळे. ऑस्ट्रेलियात ॲडलेड इथल्या फ्लिंडर्स विद्यापीठात ह्यूइश आणि बर्गोइन यांनी उंदराच्या यकृतातली केंद्रके अखंड ठेवून त्यांतल्याच विकराला डीएनए कापू दिला. तुकडे वाटेल तसे पडले नाहीत. त्यांची लांबी एका ठरावीक मापाच्या पटीत होती, म्हणजे डीएनएचे काही भाग नियमित अंतराने झाकलेले होते. त्याच सुमारास अमेरिकेत ओक रिज इथे ॲडा आणि डोनाल्ड ओलिन्स यांनी केंद्रके पाण्यात फुगवून हलकेच पसरली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना दोऱ्यात ओवलेले मणी दिसले. ख्रिस्तोफर वुडकॉक यांनाही स्वतंत्रपणे तेच दिसले.

या सगळ्याचा अर्थ लावला तो केंब्रिजमध्ये रॉजर कॉर्नबर्ग यांनी. आम्लाऐवजी सौम्य रीतीने काढलेले हिस्टोन जोड्याजोड्यांनी एकत्र राहतात, हे त्यांना दिसले होते. १९७४ मध्ये त्यांनी मांडले की चार प्रकारच्या हिस्टोनांचे प्रत्येकी दोन रेणू मिळून एक गाभा होतो आणि दर गाभ्यामागे सुमारे २०० बेसजोड्यांचा, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या तितक्या पायऱ्यांचा, धागा असतो. लेपाची कल्पना इथे उलटली: प्रथिने आत, धागा बाहेर. १९७५ मध्ये स्ट्रासबुर्गच्या पिएर शाँबाँ यांच्या गटाने या घटकाला न्यूक्लिओसोम हे नाव दिले. १९९७ मध्ये झुरिचला कारोलिन लूगर, टिमथी रिचमंड आणि सहकाऱ्यांनी त्याच्या स्फटिकाची अणुपातळीवरची रचना उलगडली. तीत सुमारे १४७ बेसजोड्या गाभ्याभोवती पावणेदोनपेक्षा थोडे कमी वेढे घेतात, आणि हिस्टोनांची शेपटे वेढ्यांतून बाहेर डोकावतात. याच शेपटांवर ॲसिटिल नावाचे छोटे रासायनिक गट चढले की पकड ढिली होते आणि जनुके वाचली जाऊ शकतात. हिस्टोनांवरच्या ॲसिटिल गटांचा असा संबंध १९६४ मध्येच व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी सुचवला होता, पण तेव्हा त्याला आधार देणारी रचनाच कुणापाशी नव्हती.

पुढची पायरी अधिक अवघड ठरली. १९७६ मध्ये फिंच आणि क्लूग यांनी न्यूक्लिओसोमांची ३० नॅनोमीटर जाडीची वळलेली दोरी वर्णिली आणि ती दशकानुदशके पाठ्यपुस्तकांत छापली गेली. पण ती दिसली होती पेशीबाहेर काढलेल्या द्रव्यात. २००८ मध्ये क्षणात गोठवलेल्या, विभाजन पावणाऱ्या मानवी पेशी पाहिल्या, तेव्हा अशी दोरी आढळली नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्क संस्थेत केलेल्या निरीक्षणात ५ ते २४ नॅनोमीटर जाडीच्या, अनियमित साखळ्या दिसल्या. जागोजागी फरक होता तो फक्त साखळ्यांच्या दाटीत.

विभाजनाच्या वेळची घट्ट गुणसूत्रे मात्र फासांतून घडतात. १९७७ मध्ये पॉलसन आणि लेमली यांनी गुणसूत्रांतून हिस्टोन काढले, तेव्हा मध्यवर्ती सांगाड्यातून डीएनएचे लांब फास बाहेर पसरलेले दिसले. १९९० च्या दशकात तात्सुया हिरानो यांनी बेडकाच्या अंड्यांच्या अर्कातून कंडेन्सिन हे प्रथिनसंकुल ओळखले. २०१८ मध्ये डेल्फ्ट आणि हायडेलबर्गच्या संशोधकांनी यीस्टमधले कंडेन्सिन एकाच डीएनए रेणूवर काम करताना प्रत्यक्ष टिपले: ते धाग्याला धरून राहते आणि एका बाजूने सेकंदाला १५०० बेसजोड्यांपर्यंतच्या वेगाने डीएनए आत ओढत फास मोठा करत जाते.