बांध सरकतो, नकाशा सरकत नाही



'सात-बारा माझ्या नावावर आहे, मग मोजणी कशाला?' असं पुष्कळजण विचारतात. जमीन कोणाची आणि किती, हे सात-बारा सांगतो. ती कुठून कुठवर, हे मात्र मोजणीचा नकाशाच सांगतो. हा नकाशा आला कसा, ते पाहू.

पेशवाईत जमीन काठीनं मोजत आणि बिघ्यात लिहीत. काठीची लांबी सगळीकडे सारखी नसे. इंग्रजी अमलात प्रिंगल या अधिकाऱ्यानं पुणे भागात मोजणी केली. तीत चुका फार आणि सारा जड. इंदापूर तालुक्यात कित्येकांनी जमिनी टाकून दिल्या. म्हणून १८३५-३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नव्यानं काम सुरू केलं. १८४७ साली त्याचे नियम ठरले आणि हीच पद्धत नगर जिल्ह्यातही आली.

त्या मोजणीची साखळी ३३ फुटांची. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. प्रत्येक शेताला नंबर दिला, हद्दीवर दगड रोवले, मापं टिपणात लिहिली. सरकारला हवा होता सारा. शेतकऱ्याला मात्र त्यातून पक्की हद्द मिळाली.

आता हिशेब करा. दहा साखळ्या, म्हणजे ३३० फूट लांबीचा बांध दरवर्षी नांगरटीत थोडा थोडा कोरला गेला आणि सव्वातीन फूट सरकला, की जवळजवळ एक गुंठा गेला. सात-बारावर क्षेत्र तेवढंच राहतं! राहात्याकडे पाटपाण्याचा ऊस आणि पेरूच्या बागा. इथं गुंठ्यावरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो आणि कोर्टाच्या तारखांत बागेची कमाई जाते.

तेव्हा जमीन घेण्याआधी, वाटणीआधी आणि कुंपण घालण्याआधी मोजणी करून घ्या. अर्ज उप अधीक्षक, भूमि अभिलेख यांच्याकडे करावा. लगतच्या शेतकऱ्यांना नोटीस जाते. त्यांना समक्ष उभं करा, म्हणजे पुढे तक्रार राहत नाही. नकाशाची 'क' प्रत जपून ठेवा. मोजणी पटली नाही तर निमताना मोजणी मागता येते.

राहाता तालुका १९९९ साली झाला. त्याआधी राहाता कोपरगाव तालुक्यात होतं, त्यामुळे जुन्या कागदावर कोपरगाव दिसलं तर गोंधळू नका. १९४७ च्या कायद्यानुसार एकत्रीकरण झालेल्या गावांत जुन्या सर्व्हे नंबरांचे गट झाले. दोन्ही नंबर ताडून पाहा.

आणि हद्दीचा दगड उपटू नका. १९६६ च्या जमीन महसूल संहितेनुसार त्याला दंड आहे. तो दगड जितका तुमचा, तितकाच शेजाऱ्याचाही आहे.