बुक्क्यातला अबीर, अत्तरातले चंदन

आषाढी वारीत संत ज्ञानेश्वर आणि संत तुकाराम यांच्या पालख्या पुण्यातून निघून हडपसरपर्यंत येतात आणि इथे त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते, तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला. त्या दिवशी आमच्या हडपसरात कपाळाकपाळावर बुक्का दिसतो. या काळ्या सुगंधी पुडीला अबीरही म्हणतात. ‘अबीर’ हा मूळचा अरबी शब्द. अर्थ सुगंध, त्यातही अनेक सुगंधी द्रव्यांचे मिश्रण. विठ्ठलाला वाहिल्या जाणाऱ्या वस्तूचे नाव अरबी आहे, आणि त्यामुळे भक्तीत तसूभरही उणेपणा आलेला नाही.

हे सांगण्याचे कारण म्हणजे वर्गात आलेला एक प्रश्न. “सर, अत्तर फक्त मुसलमानच लावतात ना?” एका मुलाने विचारले. मागच्या बाकावरचा आमचा एक मुलगा अभिमानाने म्हणाला, “हो, ते आमचंच आहे.” दोघांचा समज एकच होता. तो कितपत खरा आहे, हे इतिहासाला विचारू.

इस्लाममध्ये सुगंधाला मोठे स्थान आहे. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांना सुगंध प्रिय होता आणि कोणी तो भेट दिला तर ते नाकारत नसत. जुम्याच्या नमाजाला जाताना आंघोळ करून सुगंध लावणे सुन्नत आहे. कुरआनात जन्नतच्या पेयांच्या वर्णनात काफूर आणि मुश्क येतात. आता हे शब्द बघा. काफूर म्हणजे आपला कापूर. मलय ‘कापूर’, संस्कृत ‘कर्पूर’ आणि अरबी ‘काफूर’ ही एकाच कुळातली नावे, कारण हा माल सुमात्रा-बोर्निओच्या जंगलांतून जहाजाने सगळीकडे जायचा. मुश्क म्हणजे कस्तुरी. तो शब्द संस्कृत ‘मुष्क’पर्यंत मागे नेला जातो. संस्कृत ‘चंदन’ अरबीत ‘संदल’ झाले आणि दर्ग्याच्या उरुसातली संदल मिरवणूक होऊन आपल्याकडे परत आले. उलट दिशेने ‘गुलाब’ आला. फारसीत गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. तिकडे गुलाब हे गुलाबपाण्याचे नाव होते, मराठीत ते फुलाचेच झाले.

विद्येचेही असेच. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेत ‘गंधयुक्ती’ हे सुगंध तयार करण्यावरचे स्वतंत्र प्रकरण आहे. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने अत्तरे आणि ऊर्ध्वपातनावर ग्रंथ लिहून शंभराहून अधिक कृती नोंदवल्या. आपल्या दख्खनेत कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1129 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. त्यात स्नान, विलेपन आणि धूप यांचे सविस्तर वर्णन आहे. पुढे विजापूरला दुसरा इब्राहिम आदिलशहा (1580–1627) याच्यासाठी निजामुद्दीन महमूदने ‘इत्र-ए-नवरसशाही’ हा सुगंधावरचा फारसी ग्रंथ लिहिला. सोमेश्वर आणि इब्राहिम यांचे धर्म वेगळे होते, पण माती हीच दख्खनची आणि शौकही तोच.

गुलाबाच्या अत्तराची कथा खुद्द बादशहा जहांगीरने आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. नूरजहाँची आई अस्मत बेगम गुलाबपाणी तयार करत असताना गरम पाण्यावर तेलाचा पातळ तवंग आलेला तिला दिसला. तिने तो थोडा थोडा गोळा केला. सलीमा सुलतान बेगमने त्याला ‘इत्र-ए-जहांगिरी’ असे नाव दिले.

कनौजची पारंपरिक पद्धत अशी: तांब्याच्या देगेत फुले आणि पाणी घालून तोंड मातीने लिंपायचे, खाली मंद आच ठेवायची. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते. भपक्यात आधीच चंदनाचे तेल असते, ते फुलांचा वास धरून ठेवते. मोगरा असो वा केवडा, अशा अत्तराच्या तळाशी चंदनच असते. नाव अरबी, भांड्याचे नाव फारसी, आणि ज्यावर सगळे उभे ते चंदन या भूमीतले.

पेशव्यांच्या दरबारात पाहुण्याला निरोप देताना अत्तर-गुलाब आणि पानसुपारी होत असे. अत्तरदाणी आणि गुलाबदाणी मराठी लग्नांतून अजून पुरत्या गेलेल्या नाहीत. हा माल गावोगावच्या बाजारांत आणि जत्रांत पोचवणारे अत्तार मराठी बोलणारेच होते. 1885 च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये त्यांची स्वतंत्र नोंद आहे. ‘अत्तार’ हे आडनाव आजही महाराष्ट्रभर भेटते. निशापूरचा सूफी कवी फरीदुद्दीन अत्तार याच्या नावातही हाच पेशा आहे.

मग अत्तर ‘त्यांचे’ आणि ‘आमचे’ कधी झाले? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यांत कृत्रिम सुगंधी रसायने बनू लागली आणि पुढे फवाऱ्याच्या बाटल्या स्वस्त झाल्या. रोजच्या वापरातून अत्तर मागे सरले आणि ईद, जुमा, उरूस एवढ्यापुरते उरले. बाकीच्यांनी ते सोडले म्हणून ते आपले एकट्याचे दिसू लागले. यात अभिमान वाटण्यासारखे फारसे नाही. एक सामायिक वस्तू सगळ्यांच्याच हातून निसटते आहे. म्हणून मुलांना अत्तर ओळखायला शिकवताना, त्याच्या तळाशी चंदन असते हेही शिकवू या. आणि बुक्का लावणाऱ्या शेजाऱ्याला अबीर शब्दाची गोष्ट जरूर सांगू या.