किंडर स्काउटचा माथा

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यांत किंडर स्काउट नांवाचें एक विस्तीर्ण पठार आहे. उंची अवघी ६३६ मीटर. तरी पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ मुलखांत याहून उंच स्थान नाहीं. माथ्यावर दलदलीची काळी माती आणि वाऱ्यानें झिजलेले चित्रविचित्र खडक आहेत. पश्चिमेच्या कड्यावरून एक लहानशी नदी खालीं झेप घेते. परंतु समोरचा वारा जोराचा असला, म्हणजे तिचें पाणी तुषार होऊन पुन्हां वर उडतें.

ही शोभा पाहण्यास आज कोणालाही मज्जाव नाहीं. पूर्वीं तसें नव्हतें. एकोणिसाव्या शतकांत येथील मोकळीं रानें खाजगी मालकीचीं झालीं आणि ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठीं राखलीं गेलीं. एका बाजूस मँचेस्टर, दुसऱ्या बाजूस शेफील्ड. आठवडाभर गिरण्या-कारखान्यांच्या धुरांत राबणारा मजूर रविवारीं डोंगराकडे निघे, तों रखवालदार त्याला परत फिरवीत. डोंगरावर फिरण्याच्या हक्कासाठीं १८८४ पासून पार्लमेंटपुढें विधेयकें येत आणि बारगळत.

अखेर २४ एप्रिल १९३२ रोजीं, रविवारीं, हेफील्ड गांवाजवळच्या एका दगडखाणींत कांहींशें तरुण जमले आणि उघडपणें वर चढले. बेनी रॉथमन हा वीस वर्षांचा कामगार त्यांचा पुढारी होता. पायीं भटकणाऱ्यांच्या जुन्या संस्थांना हा मार्ग पसंत नव्हता. त्यांची भिस्त अर्जविनंत्यांवर होती. वाटेंत रखवालदारांशीं झटापट झाली. परक्याच्या जमिनीवर पाऊल टाकणें हा तेव्हां फौजदारी गुन्हा नव्हता. म्हणून खटला भरला गेला तो दंगा आणि मारहाण यांबद्दल. पांच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली.

या शिक्षांनीं चळवळ दबली नाहीं. पूर्वीं विरोध करणाऱ्यांपैकीं अनेकांना त्या अन्यायाच्या वाटल्या, आणि लोकमत तरुणांकडे झुकलें. १९४९ सालीं राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला. १९५१ सालीं पीक डिस्ट्रिक्ट हें ब्रिटनमधील पहिलें राष्ट्रीय उद्यान ठरलें. आणि मोकळ्या माळरानावर पायीं फिरण्याचा सर्वसाधारण हक्क २००० सालच्या कायद्यानें मिळाला. म्हणजे त्या रविवारानंतर अडुसष्ट वर्षें लोटलीं! २००२ सालीं तेव्हांच्या एका जमीनमालकाचे नातू, डेव्हनशायरचे ड्यूक, यांनीं झाल्या गोष्टीबद्दल जाहीर क्षमा मागितली.

हेफील्डच्या त्या खाणींत आतां स्मृतिफलक बसविलेला आहे. माथ्याकडे निघालेला प्रवासी त्यापुढें क्षणभर थांबतो आणि वाटेला लागतो. वाटेंत त्याला कोणी अडवीत नाहीं.