श्वासाची लिपी : प्रस्तावना

हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये हंगामात सरकी निघत असते आणि बारीक तंतू, पानांचा चुरा, धूळ हवेत तरंगत राहते. अशा धुळीत वर्षानुवर्षे राबणाऱ्यांची छाती सुटीनंतर कामावर परतताच आवळते. आठवडा सरेल तसा त्रास उतरतो. या विकाराला बिसिनोसिस म्हणतात. पहिल्याच दिवशी त्रास का, हे शोधायला संशोधक गिनिपिगांकडे वळले. कापसाची धूळ हुंगवल्यावर त्यांचा श्वास उथळ आणि जलद झाला. विश्रांतीनंतरच्या पहिल्या दिवशी सर्वाधिक. संशय मग तंतूंपेक्षा त्यांना चिकटलेल्या जिवाणूंच्या एंडोटॉक्सिनवर गेला.

श्वासावाटे जाणाऱ्या विषांच्या शास्त्राची मुख्य नोंद अगदी साधी आहे. उंदराचे धड बंद नळीत, मानेभोवती रबरी पडदा आणि डोके वायूच्या पेटीत. छाती फुगली की नळीतला दाब किंचित वाढतो आणि कागदावर लाट उमटते. १९६६ पासून विषशास्त्रज्ञ ईव्ह अलारी यांनी या लाटा वाचायला शिकवले. फॉर्मल्डिहाइड किंवा अमोनिया नाकातल्या ट्रायजेमिनल मज्जातंतूला झोंबला, की श्वास आत घेतल्यावर, उच्छ्वासाआधी, उंदीर थबकतो आणि श्वासगती मंदावते. ती निम्म्यावर आणणारी मात्रा म्हणजे आरडी-५०. फॉस्जिनसारखा खोल फुप्फुसात पोचणारा वायू असेल, तर थबकणे उच्छ्वासानंतर येते. नुसत्या थांब्याच्या जागेवरून इजा कुठे झाली ते कळते. मला या विषयातले हेच सर्वांत सुंदर वाटते.

मात्र प्राण्याचे उत्तर जसेच्या तसे माणसाला लावू नये. फॉर्मल्डिहाइडच्या दीर्घ प्रयोगांत मोठ्या उंदरांना, म्हणजे रॅटना, नाकाचा कर्करोग मोठ्या प्रमाणात झाला, छोट्या उंदरांना, म्हणजे माउसना, क्वचितच. माउस झोंबताच श्वास बराच कमी करतो, त्यामुळे तेवढ्याच हवेतून विष कमी ओढतो.

फॉर्मल्डिहाइड आणि तसाच झोंबणारा अॅक्रोलिन लाकडाच्या धुरातही असतात. सेलू, आर्वीकडच्या स्वयंपाकघरांत चुलीपुढे डोळे चुरचुरतात, घसा धरतो, त्यात त्यांचा वाटा आहे. धूर घराबाहेर नेणारी मगन चूल वर्ध्याच्याच मगनवाडीची.

सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा गावातल्या विज्ञान शाखेत शिकणाऱ्या कुणीही इथे निःसंकोच यावे. प्राण्यांवरच्या प्रयोगांना १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याची चौकट आहे. ती आधी समजून घ्यावी. मग तक्त्यांकडे जाण्यापूर्वी मूळ आलेख समोर ठेवून श्वास कुठे अडखळतो ते बोटाने दाखवता येईपर्यंत पाहावे.