वाट पाहण्याचा इतिहास

मी लहान असताना आमच्या गल्लीत एकाच घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. कॅसेट चालली नाही की ती काढायची, तिच्या तोंडात फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची, हे शास्त्र आम्हा सगळ्या पोरांना अवगत होतं. मारिओ, काँट्रा खेळताना भाषेची अडचण येत नसे. पळायचं, उडी मारायची, गोळ्या झाडायच्या. पण एक कॅसेट निराळी होती. तिच्यात एक छोटासा वीर गावात हिंडे, माणसांपुढे जाऊन उभा राही आणि पडद्यावर काळी चौकट उघडून तिच्यात अगम्य अक्षरं उमटत. ती माणसं त्याला काहीतरी महत्त्वाचं सांगत होती, एवढंच कळे. काय सांगत होती, ते कळत नसे. ती अक्षरं जपानी होती, हे पुष्कळ वर्षांनी समजलं.

पुढे मला जपानी गेमचा नादच लागला. आजही तिकडे एखादा नवा गेम जाहीर झाला की मी लहान मुलासारखा हरखून जातो आणि पाठोपाठ मनात प्रश्न येतो: हा इंग्रजीत कधी येणार? श्रोतेहो, आज सांगायचा आहे तो या एका प्रश्नाचा इतिहास.

जपानच्या निन्तेन्दो कंपनीनं १९८३मध्ये ‘फॅमिकॉम’ हे घरगुती खेळयंत्र बाजारात आणलं. त्यावर मे १९८६मध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला. कथा युजी होरी यांची, चित्रं अकिरा तोरियामा यांची आणि संगीत कोइची सुगियामा यांचं. इथे बोटांच्या चपळाईपेक्षा वाचनाला महत्त्व होतं. गावकऱ्यांशी बोलायचं, त्यांच्या बोलण्यातून धागा पकडायचा आणि पुढची वाट शोधायची. म्हणजे खेळता खेळता वाचायची कादंबरीच.

१० फेब्रुवारी १९८८ रोजी, बुधवारी, तिचा तिसरा भाग निघाला. दुकानांसमोर रांगा लागल्या. शाळा बुडवून मुलं रांगेत उभी राहिली. पहिल्याच दिवशी १० लाखांहून अधिक कॅसेट खपल्या. ‘हा गेम कामाच्या दिवशी विकू नये असा कायदाच जपान सरकारनं केला’, अशी दंतकथा जगभर पसरली. असा कायदा कधीही झाला नाही, पण अशी दंतकथा जन्माला यावी एवढी ती गर्दी खरीच होती.

हाच तिसरा भाग अमेरिकेतल्या मुलांच्या हाती इंग्रजीत पडला १९९२मध्ये. चार वर्षांनी! तोवर जपानी मुलं नव्या यंत्राकडे वळली होती आणि त्याच वर्षी मालिकेचा पाचवा भाग खेळू लागली होती. तो पाचवा भाग त्या काळी इंग्रजीत आलाच नाही.

एवढा उशीर का? व्यापाराचा हिशेब हे एक कारण. वाचत बसायचे गेम अमेरिकेत खपतील का, याची कंपन्यांना शंका होती. पण दुसरं कारण अक्षरांचं होतं आणि ते आपल्याला चटकन कळेल. ‘कताना’ म्हणजे जपानी तलवार. हा शब्द जपानी लिपीत तीन अक्षरांत बसतो. आपल्या देवनागरीतही तीनच. रोमन लिपीत मात्र सहा लागतात. जपानी वर्णमाला ‘अ, इ, उ, ए, ओ’ अशी सुरू होऊन पुढे ‘का, सा, ता, ना’ अशी जाते. हा क्रम तिथल्या बौद्ध विद्वानांनी संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून घडवला, म्हणून तो आपल्याला ओळखीचा वाटतो. कॅसेटमधली जागा थोडी, पडद्यावरची चौकट ठरावीक मापाची. तीन अक्षरांच्या खोलीत सहा अक्षरांचं बिऱ्हाड कसं बसवायचं? मग शब्द तोडायचे, वाक्यं गाळायची. शिवाय त्या काळी निन्तेन्दोच्या अमेरिकन शाखेला धर्म आणि मद्य यांचे उल्लेख नको असत. त्यामुळे गेममधली देवळं उपचारगृहं झाली आणि दारूचे गुत्ते कॅफे झाले.

‘फायनल फँटसी’ या मालिकेची तर गणतीच चुकली. पहिला भाग जपानमध्ये १९८७ साली आला आणि अमेरिकेत १९९० साली. दुसरा आणि तिसरा भाग तिकडे गेलाच नाही. चौथा १९९१मध्ये गेला तो ‘दुसरा’ या नावानं. पाचवा पुन्हा राहून गेला आणि १९९४चा सहावा ‘तिसरा’ म्हणून विकला गेला. १९९७मध्ये सातवा भाग मात्र ‘सातवा’ म्हणूनच आला. तेव्हा अमेरिकन मुलांना प्रश्न पडला, मधले तीन गेले कुठे? सहाव्या भागाचं इंग्रजी भाषांतर टेड वूल्सी यांनी सुमारे ३० दिवसांत केलं होतं. जागेअभावी त्यांना पुष्कळ मजकूर गाळावा लागला. त्यांच्या भाषांतरावर पुढे टीका झाली, पण त्यातल्या विनोदावर आणि पात्रांच्या बोलण्यावर एक पिढी वाढली, हेही खरं. आमच्या पिढीला ज्यूल व्हर्न भा. रा. भागवतांनी मराठीत आणून दिला. तो फ्रेंच लेखक, हे आम्हाला मागाहून कळलं. वाचताना आवाज कानात पडला तो भागवतांचाच.

मग राहून गेलेल्या गेमचं काय? इथे या इतिहासाला वळण मिळतं. कंपन्या जे करत नव्हत्या, ते चाहते करू लागले. १९९७-९८च्या सुमारास हौशी मंडळींच्या एका गटानं ‘फायनल फँटसी’चा पाचवा भाग स्वतःच इंग्रजीत आणला. कोणी जपानी जाणणारा, कोणी संगणकाचा किडा. कॅसेटमधला मजकूर बाहेर काढायचा, भाषांतर करायचं आणि पुन्हा आत बसवायचं, असं ते किचकट काम. पैसा नाही, कंपनीची परवानगी नाही. स्वामित्वहक्काच्या दृष्टीनं हे काम अडचणीचंच, त्याचं सरसकट समर्थन मी करणार नाही. पण कंपनीचं अधिकृत इंग्रजी भाषांतर १९९९मध्ये, म्हणजे मूळ गेमनंतर सात वर्षांनी आलं, हेही विसरता येत नाही.

या साऱ्यात मला सर्वांत जवळची वाटते ती ‘मदर’ या मालिकेची गोष्ट. तिचे कर्ते शिगेसातो इतोई हे जाहिरातींच्या मजकुरासाठी नावाजलेले लेखक. पहिला ‘मदर’ १९८९चा. त्याचं इंग्रजी भाषांतर १९९०मध्ये तयार झालं होतं, पण गेम बाजारात आलाच नाही. तो अधिकृतपणे इंग्रजीत आला जून २०१५मध्ये. तयार भाषांतर २५ वर्षं पडून राहिलं. ‘मदर ३’ जपानमध्ये एप्रिल २००६मध्ये निघाला. त्यात आई गमावलेल्या एका कुटुंबाची कहाणी आहे. इंग्रजीत तो येईना. तेव्हा क्लाइड मँडेलिन या व्यावसायिक भाषांतरकारानं चाहत्यांना हाताशी धरून भाषांतर केलं आणि ऑक्टोबर २००८मध्ये ते सर्वांना फुकट दिलं. पहिल्याच आठवड्यात एक लाखाहून अधिक लोकांनी ते उतरवून घेतलं. पुढे २०१३मध्ये त्यांनी आपलं सगळं काम निन्तेन्दोला विनामूल्य देऊ केलं. त्यातून काही निष्पन्न झालं नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये कंपनीनं हा गेम नव्या यंत्रावर आणला, तोही फक्त जपानमध्येच.

चाहत्यांनी दुसरा मार्गही चोखाळला: मागणी करण्याचा. ‘झेनोब्लेड’ हा गेम जपानमध्ये २०१०मध्ये आला. २०११मध्ये युरोपात जायचं ठरलं, म्हणजे इंग्रजी भाषांतर हाती होतं, पण अमेरिकेचं नाव नाही. तेव्हा चाहत्यांनी ‘ऑपरेशन रेनफॉल’ नावाची मोहीम काढली. कंपनीला पत्रं धाडली. अॅमेझॉनवर जुन्या तात्पुरत्या नावानं पडून असलेल्या या गेमची आगाऊ मागणी एवढी नोंदवली की तो यादीत सर्वांत वर गेला. एप्रिल २०१२मध्ये तो अमेरिकेत आला. ‘आम्ही वाचणारे इथे आहोत’ हे कधीकधी मोजून दाखवावं लागतं.

हे चित्र पुढे बदलत गेलं. मोठे गेम सगळीकडे एकाच दिवशी येऊ लागले. ज्या ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’साठी इंग्रजी वाचकांना चार वर्षं थांबावं लागलं होतं, त्याचंच नवं रूप १४ नोव्हेंबर २०२४ रोजी जपानमध्ये आणि इतरत्र एकाच दिवशी निघालं. छत्तीस वर्षांत चार वर्षांचं अंतर शून्यावर आलं. ते नुसत्या यंत्रांनी आणलं नाही. कमी जागेत शब्द बसवणारे, रात्री जागून फुकट राबणारे आणि चिकाटीनं पत्रं लिहिणारे यांचाही त्यात वाटा आहे.

त्या नोव्हेंबरात मी तो गेम सुरू केला तेव्हा शेजारी माझी भाची येऊन बसली. वय वर्षं सात. इंग्रजी अक्षरं लागतात, पण भरभर वाचता येत नाही. वीर एका गावात शिरला, एका म्हातारीसमोर उभा राहिला आणि तीच ती काळी चौकट उघडली.

“मामा, काय म्हणतेय गं ती आजी?”

क्षणभर मला आमच्या गल्लीतली ती कॅसेट आठवली. तेव्हा आम्हा पोरांना सांगणारं कोणी नव्हतं. मी चौकटीतलं वाक्य वाचलं आणि तिला मराठीत सांगितलं. मग पुढचं सांगितलं. घसा बसेपर्यंत सांगत राहिलो. जपानीतून इंग्रजीत यायला या गोष्टीला एके काळी चार वर्षं लागली होती. इंग्रजीतून मराठीत यायला आमच्या बैठकीच्या खोलीत फार वेळ लागला नाही. शेजारी विचारणारं कोणीतरी होतं, एवढंच पुरलं.