पेशव्यांच्या नळातून गोसाव्यांच्या तळघरात

पुण्यातली वारसा फेरी शनिवारवाड्यापाशी सुरू झाली, की माहीतगार मंडळी आधी पायाखालचं सांगतात. नानासाहेब पेशव्यांनी 1750च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून पाणी थेट शहरात आणलं. भुयारी दगडी नळ, त्यावर ठिकठिकाणी उच्छ्वास, आणि पेठांमधून हौद. पाणी निव्वळ उताराने यायचं. उच्छ्वासात गाळ खाली बसे नि कोंडलेली हवा वर निघून जाई. काळा हौद, बदामी हौद ही नावं अजून टिकली आहेत. हौदांवरची गर्दी मात्र केव्हाच सरली.

खरं रेंगाळावं ते सोमवार पेठेत, त्रिशुंड गणपतीपाशी. 1754मध्ये भीमगीर गोसाव्यांनी या मंदिराचं काम सुरू केलं. मंदिरात संस्कृतबरोबर फारसी शिलालेख! दर्शनी भिंतीवर तर गोरे शिपाई गेंड्याला साखळदंड घालताना कोरले आहेत. प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी गिळलेल्या बंगालवरची ती टिप्पणी, असा अर्थ अभ्यासक लावतात. आत मोरावर बसलेला तीन सोंडांचा गणपती, आणि खाली तळघरात गोसाव्यांची समाधी. तिथे पाणी साचलेलं असतं. गुरुपौर्णिमेला ते उपसून तळघर उघडतात.

पेशवाई म्हणजेच जुनं पुणं, हा समज पक्का असलेल्यांना शेवटी जंगली महाराज रस्त्यावर न्यावं. वाहनांच्या गोंगाटाला खेटून, रस्त्याच्या पातळीखाली, अखंड कातळात खोदलेलं आठव्या शतकातलं पाताळेश्वर लेणं आहे, पुढ्यात गोल नंदीमंडप. त्याच शतकातल्या राष्ट्रकूट ताम्रपटांत पुण्याच्या परिसराचा उल्लेखही सापडतो.